मेल्या हंगामातलं हिरवं झाड

१

ऑक्टोबरच्या अखेरीस, सकाळी पाणी सोडायला गेले तेव्हा माझ्या शेतात पहिली आजारी पानं दिसली. तंबाखू गुडघ्याला लागली होती. हिरव्या पानांवर पिवळे चट्टे पडले होते आणि शेंडे आखडले होते. मी एक झाड बघितलं, दुसरं बघितलं, मग ओळीच्या टोकापर्यंत पळतच गेले. पहिली ओळ सगळी तशीच होती. दुसरीत मधूनमधून.

दुपारपर्यंत कळलं की आमच्या गावप्रमुखाच्या, म्हणजे साभुकू चिकोवोच्या शेतातही तेच आहे. त्याच्या शेजाऱ्याकडे तेच. खोऱ्यात एकही शेत सुटलं नव्हतं, फक्त नदीकाठचं रेवाईचं शेत सोडून. तिथे एका पानावर डाग नव्हता.

रेवाई माझी भावजय. माझा भाऊ तापेरा फेब्रुवारीत छातीच्या दुखण्यानं गेला, त्याची ही विधवा. मेलेल्याला विधी करून घरी आणावं लागतं, तोवर तो बाहेर भटकत राहतो. तो विधी ऑगस्टात व्हायचा होता. पण रेवाईच्या नाचणीला कीड लागली, बिअर गाळायला धान्य उरलं नाही, आणि विधी राहिला तो राहिलाच. आता नोव्हेंबर तोंडावर आला होता. नोव्हेंबरात आमच्याकडे कुठलाच विधी करत नाहीत.

मग काय, जिभा सुटल्या. रेवाईनं नवऱ्याला मुद्दाम घरी आणलं नाही, त्याला बाहेरच बांधून ठेवलंय आणि आमच्या पिकांवर सोडलंय. टेकडीवरच्या तापेराच्या थडग्याकडून कुणाला हसणं ऐकू आलं होतं, कुणाला थडग्यावरची माती भर उन्हाळ्यात ओली दिसली होती. चिकोवोनं सभा बोलावली. रेवाईला माहेरी हाकलायचं. मुलं अर्थात इथेच राहणार, मुलं नवऱ्याच्या घराण्याची.

पण विधवेला असं कुणालाही काढता येत नाही. नवऱ्याच्या बहिणीनं, तेतेनं, भर सभेत हो म्हणावं लागतं. आणि तेते मी.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. कुणीतरी तिच्या दाराला राख फासून गेलं होतं. ती दारात बसून धाकट्या मुलीच्या केसांच्या वेण्या घालत होती.

"तेते," ती म्हणाली, "तुम्ही पण हो म्हणणार?"

मी दाराबाहेरच उभी राहिले. खरं सांगायचं तर मला तिचीच भीती वाटत होती.

२

सभेच्या आदल्या दिवशी हरारेहून सरकारी पीक-निरीक्षक आला. ग्वेशे त्याचं नाव. बारीक अंगाचा, घाबरट डोळ्यांचा माणूस. जीपमधून उतरला तो कुत्र्याला बघून परत आत बसला. कुत्रा बांधल्यावर उतरला, आणि बांधावर उभा राहून बाटलीतल्या दुधानं हात धुवायला लागला. चांगलं कोपरापर्यंत.

"दूध प्यायचं असतं, साहेब," मी म्हटलं. "आमच्याकडे लेकरांना मिळत नाही आणि तुम्ही हात धुताय?"

"बाई, मी सकाळी दुसऱ्या खोऱ्यात होतो. तिथलं काही तुमच्या शेतात यायला नको, दुधानं ते मरतं."

शेतात तो ताठ चालत होता, एकाही पानाला हात न लावता. पहिल्या ओळीच्या टोकाशी उकिडवा बसला आणि एक डोळा मिटून ओळीकडे बघत राहिला.

"लावण कुणी केली?"

"सगळ्यांनी. आम्ही इर्जिक करतो. एका दिवशी एकाचं शेत, सगळं गाव हातभार लावतं. घरधनिणीनं बिअर पाजायची, जेवण घालायचं."

"अच्छा," तो म्हणाला. "मेच्या मध्यापर्यंत जुनी खुंटं उपटून जाळायची असतात. नवी लावण सप्टेंबरच्या आधी नाही. मधला हा मेला हंगाम, त्यात खोऱ्यात तंबाखूचं एकही जुनं झाड जिवंत दिसता कामा नये. का, माहीत आहे?"

"दंड होतो म्हणून."

तो हसला नाही. "रोगाला उपाशी मारण्यासाठी. हंगाम जितका लांबेल, तितकं रोगाला खायला जास्त. वाळक्या पानातही तो काही काळ दडून राहतो, पण त्याचं खरं घर म्हणजे हिरवं झाड. मधे सगळी झाडं मेली की त्याचं बळ जातं. आणि एक जरी झाड हिरवं राहिलं, तर जुना हंगाम संपतच नाही. तो नव्या हंगामात चालत येतो आणि कोवळ्या रोपांना धरतो. मग अशी पानं होतात."

त्यानं टेकडीकडे नजर टाकली. सगळे टाळतात ती टेकडी, पण त्याला ते माहीत नव्हतं.

"या खोऱ्यात कुणीतरी आहे," तो हळूच म्हणाला, "जे मरायला हवं होतं आणि मेलेलं नाही."

त्याला झाड म्हणायचं होतं, हे मला कळत होतं. तरी माझ्या अंगावर काटा आला.

३

मी त्याला घरोघरी घेऊन फिरले. चिकोवोनं खुर्ची दिली, थंड पाणी दिलं आणि रेवाईबद्दल भरपूर दिलं.

"बाई नदीकाठच्या जमिनीवर बसलीय," तो म्हणाला. "पाणी बारमाही. मेल्या हंगामात झाडं जगवणं तिला काय अवघड?"

ती जमीन चिकोवोला आपल्या धाकट्या भावासाठी हवी होती, हे गावातली कोंबडीसुद्धा सांगेल. ग्वेशेनं मान डोलावली आणि घरामागच्या काटेरी कुंपणाकडे बोट केलं. "तिथे काय आहे?"

"तिकडे जायचं नाही. पूर्वजांची जागा आहे."

ग्वेशे गेलाच. चिकोवो घाम पुसत त्याच्यामागे. मी कुंपणाबाहेर जीव मुठीत धरून उभी. आत हिरवं काहीतरी डोलत होतं, माणसाच्या उंचीचं. थोड्या वेळानं ग्वेशे बाहेर आला.

"तंबाखू नाही," तो मला म्हणाला. "गांजा आहे. तो माझ्या खात्यात येत नाही."

मग आम्ही तोगारेपीकडे गेलो. तोगारेपी आमच्या घराण्याचा साहविरा. हे नातं रक्ताचं नसतं, पण रक्ताहून जवळचं असतं. आमच्यातलं कुणी गेलं की आंघोळ तो घालणार, खड्डा तो खणणार, आणि भर रडारडीत मेलेल्याची नक्कल करून लोकांना हसवणारही तोच. त्यानं आम्हाला काहीही बोलावं, आम्ही राग धरायचा नाही. तापेराच्या मातीला त्यानं तापेराची काठी घेऊन असं लंगडून दाखवलं होतं की मी रडता रडता हसले होते.

"आली का तेते!" तो ओरडला. "साहेब, हिच्यापासून जपा. हिनं नुसतं बघितलं तरी पानं पिवळी पडतात. रोगबीग काही नाही, ही सकाळी शेतात गेली असणार."

"तुझं थोबाड बघून पडली असतील," मी म्हटलं.

"माझ्या थोबाडावर बाया भाळतात. बसा, साहेब, तपकीर घ्या." त्यानं शिंगाची डबी पुढे केली.

ग्वेशेनं आदरानं टाळ्या वाजवून नमस्कार केला, पण हात पुढे केला नाही. नाक मात्र डबीपाशी नेलं.

"वास ताजा आहे."

"माणूसही ताजाच आहे! लग्नाचा आहे अजून. तुमची कुणी बहीण असली तर सांगा." तो हसला आणि मग डबी मिटून म्हणाला, "रेवाईचं काही करा, साहेब. उद्या तिची लेकरं तिच्यापासून तोडतील. ती काही वाईट बाई नाही."

रेवाई शेवटी. तिनं सगळं खाली बघत सांगितलं. लावण तिनं एकटीनं केली, मोठ्या मुलीला घेऊन. दुःखातल्या बाईनं इर्जिकीला जायचं नसतं, आणि तिच्या इर्जिकीला कुणी आलं नाही. मीही गेले नव्हते.

"थडग्यावर जातेस?" ग्वेशेनं विचारलं.

"नाही. एकदा लाकडं आणायला त्या बाजूला गेले होते." तिनं खाली बघतच टेकडीकडे बोट केलं. "वरून तापेरा हसला. तो खोकत खोकत हसायचा ना, तेते, तसा. मी लाकडं टाकून पळाले."

४

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ग्वेशे म्हणाला, "टेकडीवर जायचं."

"मी नाही."

"मीही गेलो नसतो, बाई. मला थडग्यांची फार भीती वाटते. म्हणूनच तुम्ही चला."

सभा संध्याकाळी होती. मी गेले. ऑक्टोबरचं ऊन, एक पान हलत नव्हतं. खडकांमधून वर चढताना मी मनात तापेराची माफी मागत होते, नेमकी कशाबद्दल ते न कळता. ग्वेशे माझ्या इतका जवळून चालत होता की दोनदा त्याचा पाय माझ्या टाचेवर पडला.

वर दगडांच्या राशीभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण होतं. मातीच्या दिवशी ते नव्हतं, नंतर कुणीतरी केलेलं. ग्वेशेनं काठीनं एक फांदी बाजूला सारली.

तापेराच्या उशाशी तंबाखूची तीन झाडं उभी होती. जुनी, जाड खोडाची, गुलाबी फुलांवर आलेली. पानं चट्ट्यांनी भरलेली. बुडाशी माती ओली होती, आणि खालची पानं नीट, देठापासून खुडून नेलेली.

मी खालीच बसले.

"हीच," ग्वेशे कुजबुजला. "मे महिन्यात इथे आणून लावलेली. सगळा मेला हंगाम जगवलेली."

तेवढ्यात मागे दगड घरंगळला. मी किंचाळले. ग्वेशे माझ्याहून मोठ्यानं किंचाळला.

खाली चिकोवो उभा होता. आमच्यामागून आलेला. त्यानं झाडं बघितली, ओली माती बघितली, आणि त्याच्या चेहऱ्यावर आनंद पसरला.

"नवऱ्याच्या थडग्यावर पाणी कोण घालणार?" तो म्हणाला. "बायकोच! तेते, आता तरी पटलं?"

मला पटलं. सगळं जुळत होतं. नदीचं पाणी तिचं, थडगं तिच्या नवऱ्याचं, निरोगी शेत तिचं. खाली उतरताना मी ठरवलं की हो म्हणायचं. मुलांना मी सांभाळीन असंही ठरवलं. भीतीनं माणूस किती झटपट ठरवतो, याची मला आजही लाज वाटते.

५

सभेला सगळं खोरं लोटलं होतं. रेवाई मधे जमिनीवर, दोन्ही लेकरं तिच्या झग्याला धरून. चिकोवोनं झाडांबद्दल सांगितलं तसा बायकांनी तोंडावर हात घेतला. कुणीतरी म्हणालं, हिचं घरही जाळा.

"तेते," चिकोवो म्हणाला, "बोल."

मी उठले. रेवाईनं माझ्याकडे बघितलं नाही, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिली. मी तोंड उघडलं.

"थांबा," ग्वेशे म्हणाला. त्याचा आवाज कापत होता, एवढ्या माणसांचीही त्याला भीती वाटत असावी. "तेतेंना मला आधी एक विचारायचंय. इर्जिकीत पहिली ओळ कोण लावतं?"

"काय?"

"तुमच्या शेतात पहिली ओळ आजारी. साभुकूंच्या शेतात पहिली ओळ. मी प्रत्येक शेत बघितलं, सगळीकडे पहिली ओळ मुळापासून गेलेली आणि बाकीचं तुरळक. माव्याच्या किड्यानं रोग आणला असता तर बांधाकडून आला असता, वाऱ्याच्या अंगानं, ठिपक्या-ठिपक्यानं. हा ओळीनं आलाय. ओळीनं माणूस चालतो. हा रोग हातानं पसरतो. आजारी पान खुडलेल्या हातानं रोपं धरली, की धरलेलं प्रत्येक रोप गेलं."

"मग तिचेच हात!" चिकोवो ओरडला.

"तिचे हात असते तर तिचं शेत सगळ्यात आधी गेलं असतं. तिनं एकटीनं लावलंय. आणि तुमच्या शेतात तिनं पाऊल ठेवलेलं नाही, तुम्हीच येऊ दिलं नाही. तिच्या शेतात रोग नाही, कारण तिथे तुमच्यापैकी कुणीही गेलेलं नाही."

"तपकीर सगळेच ओढतात," मागून कुणीतरी म्हणालं. "सगळ्यांच्याच हाताला तंबाखू असते."

"तुमची बाजारची, भट्टीत भाजलेली. तिच्यात रोगाचा जीव फारसा उरत नाही. मी ओल्या पानाबद्दल बोलतोय, त्याच सकाळी खुडलेल्या." तो माझ्याकडे वळला. "तेते, पहिली ओळ कुणाची?"

उत्तर मला ठाऊक होतं. प्रत्येकालाच ठाऊक होतं.

"गाणं सांगणाऱ्याची," मी म्हटलं. "तो पुढे गातो, बाकीचे मागून धरतात."

सगळ्या माना एकाच बाजूला वळल्या.

तोगारेपी झाडाला टेकून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं, पण ते तिथेच विसरून राहिल्यासारखं. तो स्वतःच्या हातांकडे बघत होता. मग पुढे आला, शिंगाची डबी काढली आणि रेवाईसमोर जमिनीवर ठेवली.

६

"तापेरानं मला सांगितलं होतं," तो म्हणाला. "शेवटच्या दिवसांत. म्हणाला, मला घरी आणशील तेव्हा माझ्या हातच्या तंबाखूची तपकीर वाहा, बाजारचा तो भुसा नको. मे महिन्यात सगळे खुंटं जाळत होते, तेव्हा मी त्याच्या शेवटच्या पिकातली तीन उचलली. ऑगस्टपर्यंतच ठेवायची होती. मग विधी लांबला. मी छाटायचो, ती पुन्हा फुटायची."

"आणि हसणं?" रेवाईनं विचारलं.

"मीच. सकाळी पाणी घालायला जायचो, पान खुडायचो. एकटं बसवत नव्हतं. त्याची नक्कल करायचो आणि मीच उत्तरं द्यायचो. तिथूनच इर्जिकीला यायचो." त्यानं वर बघितलं. "कायदा माहीत होता मला. वाटलं, सरकारची कटकट आहे. आईशपथ, रेवाई, मला असं होईल हे माहीत नव्हतं."

"आणि माझ्या शेतात का नाही आलास? सगळ्यांकडे गेलास."

"एकटा पुरुष विधवेच्या शेतात गेला असता तर ही सगळी काय काय बोलली असती!"

रेवाई त्या डबीकडे बघत होती. गावाच्या जिभांना घाबरून तो आला नाही, म्हणून तिचं पीक वाचलं होतं आणि त्याच पिकामुळे ती इथे मातीत बसली होती.

चिकोवो भानावर आला. "मग याला हाकला! आजच्या आज!"

"माझ्या बापाला आधीच ठाऊक होतं," तोगारेपी म्हणाला. "नावच ठेवलं तोगारेपी, म्हणजे 'आम्ही राहायचं कुठं'." पण कुणी हसलं नाही.

मला अजून बोलायचं होतं. सभेत मी उभीच होते.

"रेवाई कुठेही जाणार नाही," मी म्हटलं. "आणि साहविऱ्यानं आमच्या घराण्यापायी केलेलं आम्ही गुन्हा धरत नाही. थडगं आमचं, माणूस आमचा."

"पीक माझं गेलं!"

"माझंही गेलं. साभुकू, तुझ्या पूर्वजांच्या जागेत काय उगवतं तेही सभेला सांगू?"

चिकोवोला खोकला आला. तो बराच वेळ खोकत राहिला, आणि सभा संपली.

झाडं उपटायला कुणी तयार होईना. ग्वेशे जीपच्या दाराला धरून उभा होता. शेवटी मीच वर गेले, तोगारेपी माझ्यामागून आला. भीती गेली नव्हती. पहिलं झाड ओढताना वाटलं की खालून कुणीतरी धरून ठेवलंय, आणि मी मोठ्यानं म्हटलं, "सोड रे, तापेरा." मुळं सुटली. तिन्ही झाडं आम्ही तिथेच जाळली. तोगारेपी धुराकडे पाठ करून बसला होता.

त्याच आठवड्यात सगळी आजारी शेतं उपटली गेली. ज्यांच्याकडे रोपं होती त्यांनी पावसावर पुन्हा लावण केली, आखूड हंगामाची, हाताला लागेल तेवढी. खोऱ्यात धड उभं असं एकच शेत राहिलं.

पानं तोडायची वेळ आली तेव्हा रेवाईनं इर्जिक सांगितली. आले सगळे. ज्यांनी घर जाळा म्हटलं तेही आले, नजरा चुकवत. बांधावर रेवाई भांडं घेऊन बसली होती, दूध आणि पाणी, आणि एकेकाच्या हातावर ओतत होती. कुणीही हसलं नाही.

तोगारेपी बांधापलीकडेच उभा राहिला. हात पाठीमागे.

"ये की," ती म्हणाली.

"माझे हात नकोत, रेवाई. मी मक्याचा साद्झा ढवळतो, चुलीपाशी बसतो."

"चुलीला बायका आहेत. पहिली ओळ कोण घेणार? गाणं कोण सांगणार?" तिनं भांडं उचललं. "ऑगस्टात त्याला घरी आणायचंय. तपकीर याच शेतातली, भट्टीत भाजलेली. त्याच्याच शेतातली आहे, तो नाही म्हणणार नाही. हात पुढे कर."

त्यानं हात पुढे केले. ती ओतत राहिली, कोपरापर्यंत, भांडं रिकामं होईपर्यंत. मी वाट बघत होते की आता हा काहीतरी बोलेल, दुधाबद्दल, माझ्या नजरेबद्दल. पण त्यानं हात नुसते उलटसुलट करून बघितले.

मग तो पहिल्या ओळीत शिरला आणि थोड्या वेळानं त्याचा आवाज आला, आधी बसका, मग नीट. मी दुसरी ओळ घेतली.